फिलेरोसचा शेवटचा पक्षी

१ जून
आक्विलेयाला पोहोचलो. काचेच्या भट्टीवर काम मिळाले, मागे स्वतःची खोलीही. आनंद झाला. मालकीण त्रोफिमेबाई माझी लिहायची मेणपाटी पाहून म्हणाल्या, "दोनच वर्षे शाळा ना तुझी? मग लेखणी जपून धर, आणि माझे पक्षी त्याहून जपून."

पक्षी म्हणजे अत्तराच्या फुंकीव कुप्या. शेपटीतून अत्तर भरायचे, मग शेपटीचे टोक वितळवून बंद करायचे. गिऱ्हाईक टोक मोडून अत्तर काढते. भरण्याआधी मी शेपटी ओठांत धरून हवा ओढतो. ओठाला चिकटली तर कुपी धड, नाहीतर तडा आहे.

४ जून
फळीमागे एक निळा पक्षी सापडला. रिकामाच बंद केलेला, आतून धुरकट. कुणाची तरी चूक समजून टोक मोडले, नेहमीप्रमाणे हवा ओढली. हवा कोमट होती.

६ जून
जेवताना भट्टीवाल्या एपाफ्राला हे सांगितले. त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, तो पक्षी फिलेरोस या म्हाताऱ्या कारागिराचा. मरणाऱ्याचा शेवटचा श्वास जवळच्या माणसाने ओठांनी झेलायचा असतो. फिलेरोसला कुणी नव्हते. त्याने सगळ्यांना विनवले, कुणी पुढे आले नाही. मग त्याने काच फुंकायची नळी तोंडाला लावली आणि शेवटचा श्वास त्या पक्ष्यात फुंकला.

"झेललास ना? आता तू त्याचा मुलगा," एपाफ्रा म्हणाला. हसला नाही.

खोटे का लिहू, मला बरे वाटले. मलाही कुणी नाही.

९ जून
चुलीच्या व्हेस्टादेवीचा सण. सगळे माळा घातलेली गाढवे पाहायला गेले. मला कुणी बोलावले नाही. मी नळी उचलली. कधी शिकलो नव्हतो, तरी पक्षी झाला, सुबक झाला.

पण मी एक श्वास सोडला की त्यामागून आणखी एक येतो. माझा नाही. त्याला राखेचा वास आहे.

१० जून
श्वास परत कसा द्यायचा, बाईंना विचारले. त्यांनी पदराने तोंड झाकले. दुरून बोल म्हणाल्या. आज ताट दाराबाहेर ठेवले होते.

१२ जून
छाती भरते — माझ्यासाठी नाही. एक श्वास दोघांना पुरत नाही. एपाफ्राला म्हटले, माझ्या शेवटच्या घटकेला फक्त जवळ ये, एवढेच. त्याने दार बाहेरून ओढून घेतले.

१३ जून
नळी ओठांत, एका हाताने लिहितो. एकच श्वास उरला आहे. हा माझा. हिरवी काच घेतली. ज्याला सापडेल त्याने टोक मोडू नये —

नाही. मोड. बाबा रे, मोड, आत मी एकटा —