घोंगडीवरचं शिंग

लाडक्या डेलाताईस,

केंटकीतल्या नेमबाजीच्या छावणीतून तुझ्या धाकट्याचा नमस्कार. मी मजेत आहे. आईचा खोकला कसाय?

इथं बक्षिसासाठी प्रत्येक नेमबाज घोंगडीवर एक वस्तू ठेवतो; सामन्यात पहिला येणारा त्यातली हवी ती आधी उचलतो, मग बाकीचे क्रमानं. मी ठेवलेला दुकानातून घेतलेला साधा चाकू बघून म्हातारा ओर्विल म्हणाला, "यानं माझी बायको बटाटासुद्धा सोलणार नाही!"

डोकं फिरलं. चाकू उचलून बाबांचं बंदुकीची दारू भरून ठेवायचं शिंगच ठेवलं. म्हटलं, जिंकून परत घेईन. पण आपलीच वस्तू उचलता येत नाही, हे रागात विसरलो. ओर्विल आत्तापासूनच त्यावर हात फिरवतोय.

रविवारी सामना आहे. तुझी ठासणीची बंदूक घेऊन लगेच निघ. तुझा नेम माझ्याहून चांगला, तरी मुलगा म्हणून बाबांनी शिंग मलाच दिलं.

जिंकलीस तर मला परत देऊ नकोस.

तुझा,
एल्डन