कळवल्याबद्दल आभार

१२ जून
चि. ठकूस, अ. आ.

आलेली माणसं पांगली, घर आता गप्प आहे. पुन्हा फोन करावासा वाटत नाही, म्हणून पत्र. आई गेल्याचं सांगायला तुझ्या हॉटेलात फोन केला, तर गोड आवाजात कळवल्याबद्दल तू माझे आभार मानलेस. सख्ख्या बहिणीचे आभार, ठकू. हरवलेली छत्री कुणी आणून द्यावी तसे. मामी विचारत होती, ठकू रडली का. मी म्हटलं, फार रडली. लहानपणी तुझ्यासाठी पुष्कळ थापा मारल्या, पण ही घशात अडकली आहे. तुला काही वाटलं की नाही, एवढंच लिही. वाटलं नसेल तर मी यापुढे फोन करणार नाही.

लोभाचं नंतर बघू.
ताई

२६ जून
ती. ताईस, शि. सा. न.

वाटलं का, ते माझं मलाच कळत नाही. इथे काउंटरवर नवी होते तेव्हा एका पाहुण्याने तक्रार केली, की बाई रागावलेली दिसते. मी रागावले नव्हते गं, माझं तोंडच तसं. एरंडेल प्यायल्यासारखं, असं तूच म्हणायचीस. मॅनेजरने आरशासमोर उभं करून हसायला शिकवलं. समोरचा काहीही वाईट सांगो, आधी आभार मानायचे. तू सांगितलंस आणि तोंडाने आपलं काम केलं. मग मी एका जोडप्याला खोलीची किल्ली दिली. त्यातली बाई म्हणाली, तुझ्याकडे बघून प्रसन्न वाटतं.

खोल्या साफ करणाऱ्या बायका, सगळ्या माझ्यासारख्याच कुठून कुठून आलेल्या, रडायला चादरींच्या कोठीत जातात. एक दाराशी उभी राहते. त्यांनी मलाही आत ढकललं. मी अभ्र्यांच्या घड्या घालून बाहेर आले. घरी येऊनही डोळे कोरडेच. तुझी थाप खरी करता आली नाही. घरच्या नंबरवर फोन कर. हवं तर शिव्या दे.

उरला असेल तेवढा लोभ राहू दे.
ठकू

८ जुलै
चि. ठकूस, अ. आ.

रविवारी फोन केला तो भांडायलाच. पण तू काही बोलेनास, आणि मलाही सुचेना. शेजारीण म्हणाली, लाइन गेली असेल, ठेव. मी मानेनेच नाही म्हटलं. तुझा श्वास ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने तू कामावर जायचंय म्हणालीस, ते इतकं तुसडेपणाने, की मला बरं वाटलं. रडलीस का, ते विचारणार नाही. तो तुसडा आवाज मात्र माझ्यासाठी ठेव. तिथे काढू नकोस, नोकरी जाईल.

लोभ आहे, तो मागत बसू नकोस.
ताई