भाताच्या लोंबीची जोड

८ जानेवारी १९१७

गौसभाईनं आज परत तेच केलं! काचेच्या कारखान्यातनं आला, पायताण काढायच्या आधीच ओरडला — "अब्बा, मालकांनी फुलदाणी उनात धरली न् म्हणले, गौस, तुझ्या हातात जादू हाय!"

तुझ्या हातात! त्या हाताला चाकाची वाळू तरी लागलीय का कधी?

फुलदाणीवरची भाताची लोंबी मी कापली. अब्बांचे हात थरथराय लागले तवापासनं सगळंच मी कापते. अब्बा चाक फिरवत्यात, मी काच धरते, भाई नेऊन दाखवतो न् बोलतो. मला परक्यापुढं तोंड उघडता येत न्हाय. शाळेतबी येत नव्हतं, म्हणून तर चौथीतनं काढली. "जुलेखा मुकी हाय, तिला शिकवून काय करायचं," फुफी म्हणलीती.

अब्बा आजबी नुसते हसले. लोंबी जुलेखानं कापली, असं त्यांनी तरी म्हणायचं होतं की!

९ जानेवारी

दुसरी कोरी फुलदाणी आली. एका इनामदाराच्या दिवाणखान्यात जोड जाणार. लढाईमुळं विलायती बिलोरी सामान येईना झालंय, म्हणून आमची आठवण.

"कशी कापू?"

"पैलीगत. हुबेहूब. केसाचाबी फरक नको."

"आनि काय सांगितलं मालकांनी?"

"तुला काय करायचंय? काप म्हणलं की काप."

१२ जानेवारी

हात भाजल्यागत झाल्यात. दिवसभर गार पानी न् वाळू.

लोखंडी चाक खाली फिरतंय, काच वरनं दाबायची. चाक काचेच्या आड. म्हणजे फुलदाणीच्या आतनं बघायचं न् खाली कापायचं. जरा जास्त दाबलं की दाणा फुटला! एक दाणा चुकला तर लोंबी मेली. कापलेलं आधी खडूगत पांढरं दिसतंय, आंधळं. मग दगडी चाक, मग लाकडी. तवा कुठं उजेड येतो.

ही लोंबी माझी हाय. मलकापूरला आजोळच्या वाफ्यात बघितलेली. दाणं भरलं की एका अंगाला झुकती, कान देऊन काय तरी ऐकल्यागत. भाई मालकांना म्हणाला — "मला सपनात दिसली." सपनात!! भात कापायला कधी वाकलाय का हा?

१३ जानेवारी

आज कळलं. जोड पसंत पडली की भाई कारखान्यात मेस्त्री होणार. आनि आपलं चाक त्याच्यासंगं जाणार! गाडी ठरवायचीबी बोलणी झाली. आमाला कोण इचारतंय!

"तितं कापणार कोण?" — हे मी भाईला खरंच म्हणलं, तोंडावर.

"हाताखाली दोन माणसं मिळणार हायत मला."

"मग मी काय करू?"

"भाकरी कर की. हात बघ तुझं, गवंड्यागत झाल्यात."

म्हणजे मी चांगलं कापलं तर माझंच चाक जाणार! अब्बांकडं बघितलं. ते चाकाच्या पट्ट्याला तेल घालत बसले. घाला तेल. गाडीत चढताना कुरकुर नको करायला!

१४ जानेवारी

वाईट कापावं असं मनात आलं. चाकावर बसले. हात ऐकंना. चांगलंच कापलं. हाताचाबी राग आला.

१७ जानेवारी

झाली. दोन्ही शेजारी ठेवल्या. अब्बांनी टिचकी मारली, लई येळ नाद घुमला. कुठली आधीची न् कुठली नंतरची, मलाच कळंना.

भाईनं गवतात गुंडाळून नेल्या. मला पानीबी इचारलं न्हाय.

१९ जानेवारी

नीट लिहिते.

इनामदारांच्यात महाराजांची मोठी तसबीर हाय. तिच्या दोन अंगांना दोन फुलदाण्या ठेवायच्या होत्या. ठेवल्या. डावीची लोंबी तसबिरीकडं झुकली. उजवीची पाठ फिरवून भायेर! तिनंबी आत झुकायला पायजे होतं. लोक हसले म्हणं. फिरवून ठेवाय गेले, तर मागल्या अंगाला सगळी हिऱ्यागत कापलेली जाळी, लोंबी दिसतच न्हाय.

मालकांनी भाईला सांगितलंतं, तसबिरीच्या दोन बाजूंना म्हणून! ह्यानं मला सांगितलंच न्हाय! मी दुसरी लोंबी उलट्या अंगाला झुकती कापली असती, एवढंच काम होतं!

भाई घरात आला न् पैल्यांदा माझ्यावरच — "मुद्दाम केलंस! चाक जाऊ ने म्हणून!"

मुद्दाम! मला सुचलं असतं तर केलं असतं!

मग म्हणाला — "सांगून आलो मी मालकांना. माझ्या भणीनं घोटाळा केला."

इतकी वर्सं माझं नाव त्याच्या तोंडातनं निघालं न्हाय. निघालं ते ह्यासाठी!

अब्बा तवा उठले. इचारलं — "मग मालक काय म्हणले?"

भाई टोपी खुंटीला अडकवाय लागला. अब्बांनी परत इचारलं.

"म्हणले... दुसरी भणीनं केली, मग पैली कुणी केली? दोन्ही एकाच हाताच्या हायत."

"तू काय सांगितलंस?"

भाई तसाच भायेर गेला.

२० जानेवारी

भाई जेवला न्हाय. मी वाढलंबी न्हाय.

२२ जानेवारी

बाळासो मालक सोता दारात आले. बगलेत कोरी फुलदाणी. मी ज्याच्या आड होते त्या पडद्याकडं बघून म्हणले, "चाक हितंच ऱ्हाऊ दे. पन ही कापणार कोण, ते मला आज ऐकायचंय." भाई खाली बघत हुबा. अब्बा माझ्याकडं. आनि मी बोलले. आवाज एवढा मोठा निघाला की शेजारची कुत्री भुंकली —

"मी. ठेवणार कुठं, ते आधी सांगा."