कालिंदीचा परवाना

९ जानेवारी १९७४

परवाना आला. मॉरिशस सरकारचा — एक पान, खाली निळा शिक्का. तीस एप्रिलच्या आत बेटावर उतरायचं. दादानं जामीन राहून तो मिळवला, उजवं अंग लुळं पडलेलं असताना. सोबत चिठ्ठी. अक्षर त्याच्या विद्यार्थ्याचं, शब्द दादाचे: 'कालिंदी, आणखी एक झटका आला तर बोलणंही जाईल, असं डॉक्टर म्हणतो. त्याआधी ये.'

परवान्यावर नाव — कालिंदी परशुराम टेंबे.

माझ्या पासपोर्टवर — सुनीती विनायक आठल्ये.

दोन्ही कागद शेजारी ठेवून दुपारभर बसले.

१० जानेवारी

ह्यांनी चष्मा पुसून दोन्ही वाचले. म्हणाले, "आपलं लग्न झाल्याचं मेहुण्यांना कुणी कळवलंच नाही वाटतं." एकतीस वर्षांत ह्यांचा विनोद बदललेला नाही.

लग्नात दादा नव्हता. येरवड्याला तुरुंगात होता. सासूबाईंनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'सुनीती' लिहवून घेतलं, ते त्यानं पाहिलं नाही. सुटून आला तेव्हा मी कलकत्त्याला येऊन वर्ष झालं होतं. त्या नावानं त्यानं मला कधीच हाक मारली नाही. पाकिटावर ह्यांचं नाव, आत 'प्रिय कालिंदी'. पुढे तो तिकडे मराठी शिकवायला गेला. पत्रांची रीत तीच राहिली.

माझी पदवी, नोकरी, रेशनकार्ड, सगळं सुनीतीचं. कालिंदीचं फक्त शाळेचं प्रमाणपत्र.

१६ जानेवारी

विमान कंपनीची कचेरी. काउंटरवरच्या मुलीनं दोन्ही कागद उलटसुलट पाहिले. "माशीमा, ए तो दू-जन." म्हणजे या तर दोघी झाल्या.

मग यादी वाचून दाखवली. देवीची लस, कॉलऱ्याची लस, रिझर्व्ह बँकेची परवानगी, परतीचं तिकीट. हे सगळं सुनीतीला मिळेल. उतरायची परवानगी कालिंदीला. नावं जुळली नाहीत तर विमानात चढू देणार नाहीत.

पर्यटक म्हणून गेले तर? त्यासाठी हॉटेलचं आरक्षण हवं आणि हातात परकीय चलन. "चलन मिळवण्यापेक्षा भाऊ बरा, माशीमा," असं म्हणून तिनं कागद परत दिले. चांगली मुलगी आहे.

२१ जानेवारी

बालीगंजमधले वकील. प्रतिज्ञापत्र करायचं — दोन्ही नावांची बाई एकच. त्यांना पटेना. "आडनाव बदलतं, ते आमच्याकडेही. तुम्ही नावसुद्धा काढून घेता?"

मी म्हटलं, "दुसरं देतात."

त्यांनी मसुदा लिहायला घेतला. मग म्हणाले, नवऱ्याची सही पुरणार नाही. लग्नाला हजर असलेला आणखी कुणी आणा.

माझ्या माहेरचं आता कोणी उरलेलं नाही. दादा सोडून.

२७ जानेवारी

हावड्याला गेलो. ह्यांचे काका, श्यामराव. वय ब्याऐंशी. लग्नात पंगतीला तूप वाढलं होतं, ते त्यांना आठवतं.

"सुनीती ना तू? मग ही कालिंदी कोण?"

"मीच, काका. लग्नाआधीची."

"लग्नाआधीचं आपल्याला काय करायचंय? कुणी विचारलं नव्हतं तेव्हा."

ह्यांनी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली. निघताना मला म्हणाले, "आणि त्या दुसरीलाही आण कधी."

येताना बस पुलावर तासभर अडकली. हे हसत होते. मला हसू आलं नाही.

४ फेब्रुवारी

देवीची लस टोचून घेतली. दंड सुजला आहे. फळ्यावर लिहिता येत नाही.

९ फेब्रुवारी

परवाना, प्रतिज्ञापत्र, पासपोर्टाची नक्कल — सगळं रजिस्टर्ड पोस्टानं मॉरिशसच्या दिल्लीतल्या कचेरीकडे. मूळ परवानाच हवा म्हणाले. दिला.

२ मार्च

काही नाही. आमच्या लेकीनं, वृंदानं, मला आज 'कालिंदी' अशी हाक मारून पाहिली, चेष्टेनं. मी 'ओ' दिली नाही. मला ऐकूच आलं नव्हतं. "बघ, तू नाहीच आहेस ती," म्हणाली. वीस वर्षांची आहे, मराठी मोडकं बोलते. पण हे वाक्य तिला नीट जमलं.

११ मार्च

दिल्लीहून दोन ओळी. प्रकरण बेटावर पाठवलं आहे. जामीनदाराकडे चौकशी होईल.

"मग झालंच," हे म्हणाले. "तुझाच भाऊ. तो सांगेल. बॅग काढ."

बॅग काढली नाही. जामीनदाराला बोलता येतं का, हे कुणी विचारलेलं नाही.

२५ मार्च

दादाच्या विद्यार्थ्याचं पत्र. दुसरा झटका येऊन गेला, सौम्य. शब्द शोधावे लागतात, पण बोलतात. मधली वर्षं पुसट झाली आहेत. तुरुंगाच्या आधीचं सगळं लख्ख आठवतं — घरामागची विहीर, दोघांनी मिळून पाळलेली मैना. 'मला ओळखतातच असं नाही. कालिंदी आली का, एवढं मात्र रोज विचारतात.'

वर्गात आज एकच कविता तीन वेळा वाचली. मुली गप्प होत्या. मला वाटलं, चांगली वाचली. मग कळलं.

९ एप्रिल

तीन आठवडे उरले.

१९ एप्रिल

दिल्लीचं पाकीट. 'जामीनदाराकडील चौकशीअंती परवाना रद्द करण्यात आला आहे.' कारण दिलेलं नाही.

हे म्हणाले, काहीतरी चूक असेल, तार करू. मग चष्मा काढून ठेवला. आमच्या दोघांच्याही मनात एकच आलं. जामीनदारच राहिला नसेल. ह्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला, लस टोचली होती तिथे. ते आता दुखत नाही.

सुतक धरायचं का, हे कुणाला विचारायचं, तेही सुचेना. स्वयंपाक केला. कुणी जेवलं नाही.

२४ एप्रिल

पत्र आलं. दादाचं. अक्षर विद्यार्थ्याचं.

'कालिंदी, इथे सरकारी माणूस आला होता. कोणी सुनीती नावाची बाई तुझं नाव सांगून इकडे येऊ बघत होती. मी सांगितलं, हिला मी ओळखत नाही, हिला उतरू देऊ नका. शब्द जुळवायला फार वेळ लागला, पण शेवटी नीट सांगितलं. तुझी जागा दुसऱ्या कुणाला मिळू दिली नाही. आता लवकर निघ.'