काचेतल्या भाचीसाठी नाव

अण्णा,

सप्रेम जयभीम. मी बेंगळुरात बरी आहे, जेवण वेळेवर होतंय. वहिनीच्या टाक्यांचं दुखणं कमी झालं का? आई अजून दवाखान्यातल्या बाकावरच झोपते का?

फोन तू स्पीकरवर लावतोस, म्हणून हे लिहून माझी मैत्रीण पारमिता हिच्या हाती बेळगावला पाठवतेय. आईला वाचून दाखवू नकोस.

आत्यानं नाव ठेवायचं, म्हणून मी नार्सिसस या फुलावरून ‘नार्सिसा’ सुचवलं. आई हसली होती, "पोरीचं नाव हाय का शाम्पूचं गं?" काल वनस्पतीशास्त्राच्या तासाला कळलं, जुने ग्रीक लोक त्या फुलाचं नाव ‘नार्के’ या शब्दाशी जोडायचे. नार्के म्हणजे बधिरपणा. आणि बाळ काचेच्या पेटीत हातपाय फारसे हलवत नाही, असं तू परवा म्हणालास.

नावानं काही होत नाही, हे तूच मला शिकवलंस. तरी ते नाव नको रं.

आपल्या परसातल्या राजगिऱ्याचं शास्त्रीय नाव ज्या ग्रीक शब्दावरून आलं, त्याचा अर्थ ‘न कोमेजणारं’. संस्कृतात न कोमेजणाऱ्याला अम्लान म्हणतात. वहिनीला विचार, ‘अम्लाना’ आवडेल का?

परीक्षा संपेपर्यंत मला निघता येत नाही. बारशासाठी माझी वाट बघू नकोस. नर्स आत सोडतील तेव्हा हात धुऊन जा आणि आत्याचं काम तूच कर. कानात कुजबुजू नकोस, तिला नीट ऐकू जाईल असं सांग.

तुझी,
सुविधा