उदाहरणासाठी एक भाऊ

प्रिय धाकटोबा,

तुझा तीन ओळींचा मेसेज मिळाला. वर्षभराने का होईना, सॉरी म्हणायला सवड झाली तुला! उत्तराला उशीर झाला, कारण शाळकरी मुलांसाठीचा आमचा इंग्रजी-मराठी कोश छापायला जायचा होता. त्यात माझ्या वाट्याला आले ते नेमके माफी नसलेल्या अपराधांचे शब्द. संपादकांनी मुद्दाम दिले नाहीत हं, वाटणीच तशी झाली.

इंग्रजीत अशा शब्दांची चंगळ आहे बघ. आपण 'अक्षम्य' म्हणून मोकळे होतो. त्यांचं इनएक्स्क्यूजेबल म्हणजे सबब चालत नाही, इर्रिपेरेबल म्हणजे नुकसान भरून येत नाही, आणि अनफरगिव्हेबल म्हणजे विषयच संपला. प्रत्येक शब्दाखाली एक सोपं वाक्य द्यायचं, ही आमची रीत. लहानपणी तू माझ्या वहीत लिहायचास ना, 'ताई माकड आहे'? आई हसून हसून बेजार व्हायची.

मला वाक्यं सुचेनात. मग आईचे शेवटचे चार दिवस आठवले. ती हॉस्पिटलात माझी वाट बघत होती आणि तू माझ्याशी अबोला धरून बसला होतास. मेल्या, तासाभराच्या अंतरावर होते मी, एक फोन जड झाला तुला? बरं, नुसता गप्प तरी बसायचास. तू तिला सांगितलंस, ताईला कळवलंय, ती येत नाही म्हणाली. आई गेल्यावर तिच्या चपला माझ्या हातात देताना नर्सबाईंनी सांगितलं मला हे. त्यानंतर म्हणे आईने दाराकडे पाठ केली, ती शेवटपर्यंत.

म्हणून इनएक्स्क्यूजेबलखाली लिहिलं, भावाने बहिणीला कळवलं नाही. इर्रिपेरेबलखाली, भावामुळे आई बहिणीला न भेटताच गेली. अनफरगिव्हेबलखाली, भाऊ मरणाऱ्या आईशी खोटं बोलला. संपादक म्हणाले, वाक्यं छान सोपी आहेत.

हा कोश तुझ्या लेकीच्या शाळेत लागलाय. काल तिचा फोन आला, आत्याचं नाव पुस्तकात आहे म्हणून नुसती नाचत होती. मग विचारलंन, आत्या, तिन्ही वाक्यांत एकच भाऊ कसा गं? मी म्हटलं, ते बाबाला ठाऊक आहे, पण शनिवारपर्यंत थांब, मग विचार. पत्र तुला गुरुवारी मिळेल. दोन दिवस आहेत तुझ्या हातात. मला तू एकही दिला नव्हतास. खोटं बोलायचं तर खुशाल बोल, सवय आहेच. फक्त नर्सबाईंचा नंबर मी तिला देऊन ठेवलाय.

तुझीच,
'न आलेली' ताई