पिंगळीची तिसरी मोहरी

३ बहमन १३४७ फसली

आज यांनी मोहरीची बहीण शिरस आणली आणि मोहरी म्हणून नमुन्याच्या कागदावर चिकटवली. चार वर्षं बियाण्यांच्या कचेरीत नोकरी! चार पाकळ्या आणि पिवळा रंग दिसला की झाली मोहरी.

मी म्हटलं, वरची पानं बघा. मोहरीच्या पानाला देठ असतो. शिरसेचं पान खोडाला बिलगून बसतं. यांनी भिंग लावून बघितलं, बराच वेळ मान डोलावली आणि म्हणाले, "मला बी तसंच वाटायलं होतं." वाटायलं होतं म्हणे!

हे म्हणजे काशीनाथपंत, माझे पती. कागदावर लिहिलं तर पाप लागत नसावं. तोंडानं मी यांचं नाव घेत नाही, हे माझं घेत नाहीत. सहा वर्षं 'अहो' आणि 'अगं' यांवर संसार चाललाय.

४ बहमन

शिरस सोडवून खरी मोहरी चिकटवली. मीच! यांच्या हाती डिंक दिला की झाड सोडून सगळं चिकटतं.

८ बहमन

मोठे साहेब हैदराबादेहून आलेत. फर्मान असं — कचेरीच्या रजिस्टरात नसलेलं रानझाड पुढच्या इसफंदार महिन्याअखेर जो आणील, तो मुस्तकिल. म्हणजे कायमचा. हे अजून हंगामी. दरसाल नव्या नेमणुकीचं पत्र येईपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

यांच्या शेजारच्या टेबलावरचा बन्सीधर तडक रानात गेला. हे तडक घरी आले आणि माझ्याकडे बघत बसले. मी म्हटलं, माझ्या तोंडावर काही उगवलंय का?

सासूबाईंचं आपलं एकच, "तडतडली की मोहरी. त्यात वळखायचं काय हाय?" सासूबाईंनाच साहेब का केलं नाही कोण जाणे.

१७ बहमन

सापडलं!

सासूबाईंबरोबर मावशींकडे पिंगळीला गेले होते. गाडीतून उतरले तर रुळाच्या कडेला, खडीत, वीतभर झुडपं. मोहरीसारख्याच चार पाकळ्या, पण पांढरट, आणि त्यांवर तपकिरी रेघा. एखाद्यानं टाकानं आखाव्यात तशा. शेंगेला चपटी चोच. मोहरी नव्हे, शिरस नव्हे. माहेरी वडिलांच्या औषधांसाठी पाला निवडत वाढले, पण हे कधी पाहिलं नव्हतं.

भाजीवाली गौराबाई म्हणाली, "ह्ये औंदाच उगवलंय, बाई. तिकडं वाळूच्या मुलखातून हरबऱ्याचे डबे येतेत, त्यातून सांडलं आसंल. लय तिखट हाय, म्हस बी तोंड लावंना."

म्हैस शहाणी. मी चावून बघितलं, डोळ्यांतून पाणी आलं.

सून रुळाकाठी उकिडवी बसलेली पाहून सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला. स्वतःच्या!

२० बहमन

मला एकच पाहिजे. त्या कागदावर माझं नाव. आजवर यांना ओळखून दिलेल्या एकतीस झाडांवर काही मागितलं नाही, यावर मागितलं. हे दचकले. "कचेरीत बायकोचं नाव? लोक हसतील की गं!"

लोक आत्ता हसत नाहीत असं यांना वाटतं.

२९ बहमन

हे फुलून घरी आले. "लिहिलं बरं का!"

"काय लिहिलं?"

"घर से."

उर्दूत पुरुषमाणसं अदबीनं बायकोला असंच म्हणतात — 'हमारे घर से'. म्हणजे मी घर. भिंती, छप्पर, चूल धरून. बरं, निदान पडवी तरी नाही म्हणाले. तरी खोटं कशाला लिहू, जेवताना दोनदा हसू आलं.

६ इसफंदार

साहेबांनी कागद पाहिला. रकाना होता, 'कहाँ से मिला'. त्यात आमच्या पंडितांनी लिहिलेलं — 'घर से'.

साहेब म्हणाले, "काशीनाथ, घर में लगाया हुआ झाड़ जंगली कैसे?" आणि कागद बाजूला टाकला.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काई न्हाई."

काही नाही! सगळी कचेरी बसलेली, त्यांच्यापुढे 'घर म्हणजे बायको' हे सांगायची लाज वाटली. पिंगळीच्या खडीतलं झाड आमच्या परसात उगवलं, आणि मी कुठेच नाही.

७ इसफंदार

मी यांच्याशी बोलले नाही.

८ इसफंदार

आज बोलले. म्हटलं, मुदत संपायच्या आत साहेबांकडे जा. तुमच्या घराला नाव आहे, ते सांगा. जागा मिळेल, आणि माझं नावही लागेल. हे भाकरीचा तुकडा मोडत राहिले. यांच्यानं होणार नाही. मला लिहूनच ठेवायचंय — होणार नाही.

११ इसफंदार

यांनी सांगितलं. सगळ्यांसमोर. साहेबांनी बाजूला टाकलेला कागद पुन्हा हाती घेतला आणि विचारलं, "तो फिर पहले के इकतीस किसने पहचाने?" गप्प राहता आलं असतं. हे म्हणाले, "ते बी कावेरीनंच."

जागा बन्सीधरला मिळाली. यांना उद्यापासून यायचं नाही.

मी यांना वेडे म्हटलं आणि खूप रडले. मग म्हटलं, पुन्हा एकदा म्हणा.